नियम २४०, जाहिराती तशाच: प्रिव्हॉक्सी कुठं अडतं ते शोधताना

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावात अभ्यासिका आहे. १२ कॉम्प्युटर, आणि एका जुन्या मशिनवर लिनक्स घालून प्रिव्हॉक्सी बसवलेलं, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधे बसून जाहिराती अडवणारा प्रॉक्सी. चालकांनी इकडून तिकडून गोळा करून जाहिराती अडवायच्या २४० ओळी ‘यूजर डॉट ॲक्शन’ या फाईलमध्ये घातल्या. तरी निम्म्या साइट्सवर जाहिराती दिसतात. उलट नाडकचेरीची (कर्नाटकात दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीची) साइट उघडत नाही, परीक्षेची फी भरायच्या पानावर बटण दाबलं तरी हलत नाही, आणि यूट्यूबवर ढिम्म फरक नाही. फाईलचा शेवटचा भाग त्यांनी सोबत पाठवलाय आणि विचारलंय, आणखी कुठली यादी घालू?

आणखी कुठलीच नको. मी बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात दुकानांची, शाळांची, वाचनालयांची नेटवर्कं बसवून देतो, आणि जाहिरातींच्या तक्रारीसाठी फोन आला की बहुतेक वेळा नियम कमी करूनच परत येतो. तुमच्याकडे नियम भरपूर आहेत. कुठली विनंती कुठल्या नियमानं अडली किंवा सुटली, हे मात्र तुम्ही प्रिव्हॉक्सीला अजून एकदाही विचारलेलं नाही. ते सांगतं, विचारायचं कुठं ते माहीत पाहिजे. (नियम इथं फोनवर सांगतात तसे लिहितोय, फाईलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.)

सगळ्यात आधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. बाराच्या बारा कॉम्प्युटरांची वाहतूक खरोखर प्रॉक्सीतून जाते का? प्रत्येकावर ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी’ लावून पुढं ‘पी डॉट पी’ एवढाच पत्ता टाका. प्रिव्हॉक्सीचं स्वतःचं पान आलं तर ठीक. पान सापडत नाही असं आलं तर त्या मशिनवर तुमचे नियम असून नसल्यासारखे. याची दोन कारणं मला नेहमी सापडतात. एक म्हणजे प्रिव्हॉक्सी मूळ स्थितीत १२७.०.०.१ वर, पोर्ट ८११८ ला कान देऊन बसतं, म्हणजे फक्त स्वतःच्याच मशिनचं ऐकतं. ‘कॉन्फिग’ या सेटिंगांच्या फाईलमध्ये तिथं लॅनचा, म्हणजे खोलीतल्या नेटवर्कवरचा, पत्ता द्यावा लागतो. दुसरं, फायरफॉक्समध्ये एचटीटीपीसाठी प्रॉक्सी भरतात आणि एचटीटीपीएसचा रकाना रिकामा सोडतात. मग ‘पी डॉट पी’ उघडतं, सगळे खूश होतात, आणि खरी वाहतूक, जी आज जवळजवळ सगळी एचटीटीपीएसच असते, ती बाहेरच्या बाहेर निघून जाते. एका खोलीत ‘जाहिराती तीन मशिनवर येतात, नवावर येत नाहीत’ असं असेल तर नियमांकडे बघूसुद्धा नका, आधी हे बघा.

आता तुमची फाईल. तुमचा मुख्य आजार तिच्या शेवटच्या भागातच दिसतोय.

ॲक्शन फाईलमध्ये महिरपी कंसातली ओळ म्हणजे मथळा. ‘अधिक ब्लॉक’ असा मथळा आला की त्याखालची सगळी डोमेनं अडवायची, ‘वजा ब्लॉक’ आला की त्याखालची सोडायची. मथळ्याचा अंमल पुढचा मथळा येईपर्यंत चालतो. तुम्ही कधीतरी बँकेची साइट उघडत नाही म्हणून तळाशी ‘वजा ब्लॉक’ मथळा घालून बँकेचं नाव लिहिलंत. चांगलं केलंत. पण नंतर जाहिरातवाल्यांची चाळीसेक नवी डोमेनं सापडली ती त्याच्याही खाली चिकटवलीत. म्हणजे ती सगळी तुम्ही स्वतःच्या हातानं परवानगी देऊन आत घेतलीत. नुसती परवानगी नव्हे, वरचढ परवानगी. कारण प्रिव्हॉक्सीत शेवटी जुळलेला नियम जिंकतो. फाईली ‘कॉन्फिग’मध्ये ज्या क्रमानं लिहिल्यात त्या क्रमानं वाचल्या जातात, ‘यूजर डॉट ॲक्शन’ सगळ्यात शेवटी. प्रिव्हॉक्सीबरोबर येणाऱ्या मूळ ‘डिफॉल्ट डॉट ॲक्शन’ फाईलनं जे डोमेन आधीच छान अडवलं होतं, ते तुमच्या तळाच्या ओळीनं पुन्हा मोकळं केलं. तुमच्या चाळीसांतली बरीच नावं मूळ फाईलमध्ये आधीपासून असणार. एक यादी वाढवलीत म्हणून जाहिराती वाढल्या, असं हे झालंय.

ही चूक स्क्विड हा दुसरा प्रॉक्सी वापरून इकडं आलेल्यांकडून हमखास होते. स्क्विडमध्ये उलटं असतं, तिथं ‘एचटीटीपी ॲक्सेस’च्या ओळींत वरून खाली येताना पहिला जुळलेला नियम लागू होतो आणि वाचन तिथंच थांबतं. एकाची सवय दुसरीकडं नेली की क्रम उफराटा होतो. आणखी एक फरक लक्षात असू द्या. स्क्विडला बदल केल्यावर ‘रीकॉन्फिगर’ सांगावं लागतं, प्रिव्हॉक्सी मात्र ॲक्शन फाईल बदललेली दिसली की पुढच्या विनंतीला आपणहून वाचतं. दर ओळीमागं रीस्टार्ट करायचं कारण नाही. (मीही करायचो. मनाला बरं वाटतं, इतकंच.)

तेव्हा फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि त्या चाळीस ओळी वर ‘अधिक ब्लॉक’च्या मथळ्याखाली न्या. ‘वजा ब्लॉक’चा भाग कायम तळाशी राहू द्या आणि त्याच्या वर एक टीप लिहून ठेवा: याच्या खाली काही चिकटवू नये.

पुढचं. तुमच्या ओळींत काही ‘दोन उभ्या रेघा, डोमेन, आणि शेवटी टोपी’ अशा आहेत. ती ईझीलिस्टची भाषा आहे, ब्राउझरमधल्या ॲडब्लॉकरची. प्रिव्हॉक्सीला ती कळत नाही. दोन हॅश असलेल्या ओळी तर पानातला एखादा चौकोन लपवायला सांगतात, त्यांना इथं जागाच नाही. त्या काढून टाका. प्रिव्हॉक्सीत पत्त्याचे दोन तुकडे पडतात, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी डोमेन आणि नंतर मार्ग, आणि दोन्हींना वेगळं व्याकरण. डोमेनमध्ये तारा म्हणजे ‘काहीही’. मार्गात मात्र रेग्युलर एक्स्प्रेशन चालतं, तिथं तारा म्हणजे ‘आधीचं अक्षर कितीही वेळा’. म्हणून तुमचं ‘तिरकी रेघ, तारा, डॉट जिफ’ हे कुठल्याच कामाचं नाही. ‘तिरकी रेघ, ठिपका, तारा, उलटी रेघ, डॉट जिफ’ हवं. डोमेनच्या पुढं ठिपका दिला तर ते डोमेन आणि त्याची सगळी पोटडोमेनं येतात. ठिपका नसेल तर फक्त तेवढंच नाव. तुमच्या जवळपास साठ ओळींत पुढचा ठिपका नाही. जाहिरातींचे सर्व्हर क्वचितच उघड्या नावावर बसतात, पुढं काहीतरी लावलेलं असतंच, त्यामुळं त्या साठ ओळी नुसत्या बसून आहेत.

मार्गाचे नियम तुम्ही दुरुस्त केलेत तरी फार आशा धरू नका. एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर प्रॉक्सीला एवढंच म्हणतो, ‘अमुक डोमेनच्या ४४३ पोर्टला जोडून दे’. जोडणी झाली की आतलं बोलणं बंद पाकिटात. प्रिव्हॉक्सीला पाकिटावरचं नाव दिसतं, आतला मार्ग नाही, चित्राचा आकार नाही, काही नाही. ‘बॅनर’ शब्द असलेला मार्ग अडवा, हा नियम दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोन्यासारखा चालायचा, आज तो फक्त उरल्यासुरल्या एचटीटीपी साइट्सवर लागतो. फिल्टर फाईलमधले मजकूर बदलणारे नियमही तसेच.

यावर उपाय नाही असं नाही. २०२० मध्ये आलेल्या ३.०.२९ या आवृत्तीपासून प्रिव्हॉक्सी पाकीट फोडून वाचू शकतं. त्यासाठी तुमचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट तयार करून बाराही मशिनवर विश्वासू म्हणून बसवायचं. घरी, स्वतःच्या एका मशिनवर शिकायला म्हणून अवश्य करा. अभ्यासिकेत करू नका. तिथं पोरं बँकेत लॉगिन करतात, आधारचा ओटीपी घालतात, डिजिलॉकर उघडतात. जाहिराती नकोत म्हणून गावातल्या मुलांचे पासवर्ड आपल्या मशिनवर उघडे करायचे, हा सौदा मला पटत नाही. उद्या कुणाच्या खात्यातून पैसे गेले तर पहिलं बोट तुमच्याकडं.

म्हणजे तुमच्या हातात उरतं डोमेनचं नाव. तेवढ्यावरही पुष्कळ जाहिराती अडतात, पण तिथंच मोठा घोळही होतो, आणि नाडकचेरीचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या फाईलमध्ये एक ओळ आहे: ठिपका, तारा, ए-डी, तारा, ठिपका. म्हणजे डोमेनच्या कुठल्याही तुकड्यात ‘एडी’ ही जोडी दिसली की अडव. आता इंग्रजी स्पेलिंगात ‘नाडकचेरी’ लिहून बघा. एन-ए-डी. सापडली जोडी. ‘माय-आधार’मध्ये आहे. ‘डाउनलोड’मध्ये आहे. आपल्याकडं तर ‘वाडी’, ‘गड’, ‘नाड’ यांनी मुलूख भरलाय. धारवाड आणि गदग या दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी साइट्स त्या एका ओळीनं बंद होतात. टिळकवाडी, हिंदवाडी, वडगाव, खडेबाजार, ज्याच्या नावानं कुणी साइट काढली असेल तो गेला.

हे मला पाठ आहे, कारण हीच ओळ मी एकदा स्वतः घातली होती. शहापूर भागातलं एक ऑनलाइन सेवा केंद्र, बाहेर दोन बाकं, आत चार मशिनं. दुपारी मालकांचा फोन, “सर, लौकर या ओ, हितं मानसं जमूलाल्यात.” गेलो. प्रकार असा की एका बातम्यांच्या पोर्टलचं मराठी पान उघडत होतं आणि कन्नड पान उघडत नव्हतं. त्या पोर्टलची प्रत्येक भाषा वेगळ्या पोटडोमेनवर होती. एका गिऱ्हाइकानं दोन्ही शेजारी शेजारी उघडून दाखवली आणि विचारलं, कन्नडच का बंद केलंय? बेळगावात हा प्रश्न साधा नसतो. मालक बिचारे मराठी, घाम फुटलेला, त्यांना वाटलं आता पाटीच्या भाषेवरून सुरू झालेलं इथवर आलं. मी लॉग, म्हणजे प्रिव्हॉक्सीची नोंदवही, उघडला, अडवलेली ओळ दाखवली, आणि पावतीच्या मागं ‘कन्नडा’ इंग्रजीत लिहून मधल्या ए-डीला गोल केला. ‘मराठी’ लिहिलं, त्यात ती जोडी नाही. मिनिटभर सगळे कागदाकडं बघत होते. मग मागून एक म्हातारे म्हणाले, “म्हंजे चंदगडबी अडकतंय की ओ!” लोक हसले आणि पांगले. मी ती ओळ तिथंच काढली आणि नंतर आठवडाभर माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडं जाऊन तीच शोधत हिंडलो.

प्रिव्हॉक्सी बनवणाऱ्यांनाही हे भोवलेलं असणार. त्यांच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात ‘एडी’नं सुरू होणारी आणि ‘एडीएस’वर संपणारी नावं अडवल्यावर लगेच खाली सवलतींची यादी येते: अडोबी, एडीएसएल, आणि ‘लोड्स’वर संपणारी नावं. पण नाडकचेरी आणि धारवाड त्यांना कुठून सुचणार? ती यादी आपली आपणच करायची.

ही ओळ काढा आणि तिच्या जागी तीन नेमक्या ओळी घाला. ‘ठिपका, एडी, ठिपका’ म्हणजे पूर्ण तुकडाच ‘एडी’ असेल तर. ‘ठिपका, एडीएस, ठिपका’ तसंच. आणि ‘एडी, चौकटी कंसात शून्य ते नऊ, तारा, ठिपका’ म्हणजे एडी१, एडी२३ असल्या नावांनी सुरू होणारी डोमेनं. शिवाय तळाच्या ‘वजा ब्लॉक’ भागात ‘ठिपका जीओव्ही ठिपका इन’ आणि ‘ठिपका एनआयसी ठिपका इन’ सरसकट घालून टाका. सरकारी साइट्सवर अडवण्यासारखं फारसं नसतं, आणि त्या अडल्या तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस तुमच्या दारात उभा. सवलतीत बेळगावचं नाव घालायचं झालं तर दोन्ही स्पेलिंगांनी घाला. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, पण जुन्या साइट्स ‘बेलगाम’ धरूनच आहेत.

नाडकचेरीच्या वेळी पडद्यावर काय आलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘टनेल कनेक्शन फेल्ड’ असं काहीतरी असणार. साध्या एचटीटीपीत प्रिव्हॉक्सी ‘अडवलं’ असं स्वतःचं पान दाखवतं, कारणासकट. एचटीटीपीएसच्या जोडणीत ते पान ब्राउझर दाखवत नाही, जोडणी तुटल्याची चूक दाखवतो. मग माणूस केबलवाल्याला फोन लावतो, राउटर बंद-चालू करतो, सरकारी सर्व्हरला शिव्या देतो.

म्हणून लॉग. ‘कॉन्फिग’मध्ये ‘डीबग’ला १०२५ द्या. हे दोन आकड्यांची बेरीज आहे: १ म्हणजे सोडलेल्या विनंत्या, १०२४ म्हणजे न सोडलेल्या, कारणासह. अडवलेल्या ओळींत ‘क्रंच’ हा शब्द येतो, तोच शोधा. फीच्या पानाचं कोडं याच मार्गानं सुटेल. लॉगची खिडकी समोर ठेवा, पान उघडा, बटण दाबा, आणि त्या क्षणी कुठली ‘क्रंच’ ओळ पडते ते पाहा. अशा पानांवर बहुतेक वेळा असं होतं की बटणाचा कोड आधी दुसऱ्याच कुणाच्या, मोजदाद करणाऱ्या स्क्रिप्टची वाट बघत असतो. ती स्क्रिप्ट तुम्ही अडवली की बटण मेलं. एचटीटीपीत तिथं रिकामा कागद देऊन भागवता येतं, एचटीटीपीएसमध्ये नाही. त्या एका डोमेनला तळाशी सवलत द्या आणि पुढं चला. एक ट्रॅकर सुटला तर सुटला. फी भरायची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरं साधन ‘पी डॉट पी’च्या पानावरच आहे. तिथं एखादा पत्ता टाकला की त्याला कुठल्या फाईलमधले कुठले नियम जुळले ते क्रमानं दिसतं, आणि खाली अंतिम निकाल. लोक इथं बातमीच्या पानाचा पत्ता टाकतात आणि म्हणतात, काहीच जुळत नाही. पत्ता पानाचा नको, जाहिरातीचा हवा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ‘डिसेबल कॅश’वर खूण करा, पान परत उघडा, जाहिरातीचं चित्र कुठल्या डोमेनवरून आलं ते तिथं दिसेल. कॅशची खूण विसरू नका. नियम बरोबर असतो, जाहिरात कालची साठवलेली असते, आणि तुम्ही बरोबर नियम बिघडवत बसता.

सगळं करूनही एखादं पान मोडतच असेल आणि लॉगमधून बोध होत नसेल, तर निम्म्या फाईलच्या ओळींपुढं हॅश लावून त्या झोपवा (हॅश लावलेली ओळ प्रिव्हॉक्सी वाचत नाही). पान सुधारलं तर गुन्हेगार झोपलेल्यांत, नाही सुधारलं तर जाग्यांत. परत निम्मी. २४० ओळींत जास्तीत जास्त आठ खेपांत एक ओळ हाती लागते. मात्र व्हॉट्सॲपवरून आलेली ओळ तशीच चिकटवू नका. कंस अर्धवट राहिला किंवा पॅटर्न वेडावाकडा असला तर प्रिव्हॉक्सी फाईल वाचताना त्या ओळीशी थांबतं आणि बंदच पडतं. बाराही मशिनचं नेट एकदम गेलं तर लॉगची शेवटची ओळ वाचा, ओळीचा क्रमांक तिथं असतो.

यूट्यूबचं एका वाक्यात: जाहिरात आणि व्हिडिओ दोन्ही ‘गूगलव्हिडिओ’च्याच सर्व्हरवरून येतात, डोमेन अडवलंत तर दोन्ही जातात, तेव्हा प्रॉक्सीकडून ती अपेक्षा सोडा. बाराही मशिनवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर बसवा. ते ब्राउझरच्या आत बसत असल्यानं त्याला पाकिटातलं दिसतं, आणि ईझीलिस्टच्या ज्या ओळी मी काढायला सांगितल्या त्या तिथं कामाला येतात. क्रोममध्ये ते आता चालत नाही. मोबाईलवरच्या ॲपचा तर विषयच वेगळा, वायफायमध्ये प्रॉक्सी भरली तरी बरीच ॲप ती जुमानत नाहीत. पोरांच्या फोनसाठी यात वेळ घालवू नका.

काम झालं की ‘डीबग’मधला तो १०२५ काढा आणि लॉगफाईल पुसून टाका. कोणतं पोर कुठली साइट बघतं याची यादी अभ्यासिकेच्या मशिनवर पडून राहायला नको. आणि तळाच्या चाळीस ओळी वर नेल्यावर जाहिराती किती उरल्या तेवढं कळवा, बाकीचं त्यानंतर बघू.